गेरू-चुन्याचं रान

उंब्रजला हायवेवर माझं दुकान. ज्ञानू पेंटर. ट्रकच्या पाठीवर फुलं, धाब्यांच्या पाट्या, निवडणुकीत भिंती. ज्याचा रंग त्याचं नाव. मी काही मोठा कलाकार नाही. पण माझं अक्षर असं की माणूस थांबून वाचतो, आणि वाचलं की त्याला ते खरं वाटतं. हा गुण आहे, असं मी सत्याण्णव सालापर्यंत समजत होतो.

त्या साली सांगलीच्या लालासाहेबांनी बोलावणं धाडलं. त्यांची लाकडाची मोठी वखार, मागं आरागिरणी. वखारीवर वीस फुटी बोर्ड हवा होता. मजकूर त्यांनीच दिला : 'लागवडीचे लाकूड. रानातले एकही झाड न तोडता.'

"आता भायेरच्या देशातलं गिऱ्हाईक आधी इचारतं, लाकूड कुठलं?" ते म्हणाले. "जंगलातलं म्हटलं की घेत न्हाई. आपन लावलेल्याच झाडांचं इकायचं. काय?"

खोटं कशाला सांगू, मला माणूस आवडला. वाटलं, सगळ्या वखारवाल्यांत एक तरी शहाणा निघाला. त्या भरात मी माझी अडचण त्यांच्यापुढं मांडली.

अडचण मावशीची होती. धोंडुबाई मावशी कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरावरच्या तीस उंबऱ्यांच्या वाडीत राहायची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. वाडीच्या डोक्यावर दाट रान होतं; ऐन, किंजळ, जांभूळ आणि हिरडाच हिरडा. उन्हाळ्यात बाळहिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा, कराडला घालायचा. वाडीचं मीठमिरची त्यावर. पण कागदावर रान वाडीचं नव्हतं. खाली राहणाऱ्या कुणा जमीनदाराच्या नावावर ते होतं आणि तो कधी फिरकत नव्हता. कोळसेवाले मात्र घिरट्या घालायला लागले होते. मावशीला झोप नव्हती.

लालासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू रस्त्याच्या झाडांना गेरू-चुना मारतोस न्हवं? त्यांना कोन हात लावतं का? मग ही बी रंगव की. रंग माझा."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! हायवेच्या वडांना मीच पट्टे मारलेले. खाली गेरू, वर चुना, मध्ये काळा नंबर. पट्टा असलेल्या झाडाची फांदी मोडायची कुणाची टाप नव्हती. उघडं झाड बेवारशी, रंगवलेलं झाड कुणाच्या तरी दप्तरात. हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. एवढं सोपं असून इतके दिवस सुचलं कसं नाही, म्हणून मी स्वतःवरच हसलो.

गेरू-चुन्याची पोती घेऊन वाडीवर गेलो. सगळी वाडी कामाला लागली. बाया पाण्यात गेरू कालवायच्या, बाप्ये चुना मारायचे, नंबर मी टाकायचा. अकरा दिवसांत चारशे बारा झाडं. कृष्णात म्हणून वाडीचा पुढारी माणूस, एरवी कुणाचं कौतुक न करणारा. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "गड्या, रान वाचिवलंस!"

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी मावशीला बाजूला घेऊन पढवलं.

"मावशे, कुनी इचारलं तर रानचं झाड हाय म्हनू नगंस. रानचं झाड कुनाचंच नसतं. लावल्यालं झाड म्हनायचं. माज्या सासऱ्यानं लावलीत, असं सांग."

"आरं, पर ही तर देवानं लावल्यात."

"देवाचा सातबारा न्हाई, मावशे."

ती हसली. मग घरात जाताना दोनदा ते सासऱ्याचं वाक्य पुटपुटली. तिला शाळा माहीत नव्हती, पण पाठांतर पक्कं होतं.

आठवडाभरानं जीप आली. लालासाहेब आणि सोबत पुण्याच्या प्रीती मॅडम, गळ्यात कॅमेरा, हातात फॉर्म. लालासाहेबांनी मला डोळ्यानंच खुणावलं. "मॅडम झाडांची नोंद कराया आल्यात. नोंद झाली की झाडाला बाप मिळाला." वाडी हरखून गेली. कुणी चहा टाकला, कुणी खाट आणली.

मॅडमनी रान पाहिलं. चांगली बाई होती, घाम पुसत शेवटच्या नंबरापर्यंत चढली. एकच शंका काढली, "झाडं रांगेत कशी नाहीत?" लालासाहेब गप्प राहिले. तोंड मी उघडलं. "डोंगराला रांग कशी धरनार मॅडम? खडक सोडून लावायची." त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी मावशीला विचारलं, "आजी, ही झाडं कुणी लावली?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं एका हिरड्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माज्या सासऱ्यानं लावलीत. आमी पानी घालून वाढीवली." पाण्याचं मी शिकवलं नव्हतं, ते तिनं प्रेमानं जोडलं. मॅडमनी तिचा फोटो काढला.

दिवाळी झाली आणि कुऱ्हाडी आल्या. चार ट्रक, चाळीस माणसं. कृष्णात आडवा गेला तर त्यांच्या मुकादमानं खरेदीखत दाखवलं. लालासाहेबांनी तो डोंगर जमीनदाराकडून विकत घेतला होता, आणि तोही माझ्या बोर्डाच्या आधी दोन महिने. नंबर पाहून माणसं कामाला लागली. एक, दोन, तीन. माझं अक्षर स्वच्छ, कुठं अडायचा प्रश्नच नव्हता.

निरोप मिळाला तसा मी धावत गेलो. निम्मा डोंगर उघडा झाला होता. मावशी एका बुंध्यापाशी बसून होती. मला बघून एवढंच म्हणाली, "ज्ञानू, रंग पुसून टाकू का रं? पुसला तर थांबतील का?" मला रडू आलं. तिच्यासमोर रडलो, पण कुऱ्हाडींना कुठं थांबायचं होतं?

कृष्णात तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेला. संध्याकाळी परतला तो लालासाहेबांच्या वखारीची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन. वाडी मावशीच्या अंगणात जमली. त्यानं पुस्तिका माझ्या हातात दिली. "वाच."

पहिल्याच पानावर मावशी. हात हिरड्यावर, तळव्याच्या कडेला गेरू लागलेला. खाली मजकूर. मी मोठ्यानं वाचला : 'तीन पिढ्यांनी पाणी घालून वाढवलेली ही झाडं. श्रीमती धोंडुबाई आपल्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडाजवळ. आमच्या दारा-खिडक्यांसाठी रानातल्या एकाही झाडाचा बळी गेलेला नाही.'

"कचेरीतला सायेब म्हनला, तुमचीच बाई सांगती लागवड हाय," कृष्णात म्हणाला. "लागवडीचं झाड मालकानं तोडलं तर आमी काय करनार? रान असतं तर अडीवलं असतं, म्हनला." तो मावशीकडं वळला. "ह्ये तू बोललीस?"

"व्हय."

"कुनी शिकीवलं तुला?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. "कोन शिकीवनार? माजं मीच बोलले."

माझ्या हातात पुस्तिका होती. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी पान उलटलं. पुढच्या पानावर दारांचे नमुने होते. ते मी बघत राहिलो.

वाडीनं तिला वाळीत टाकलं नाही. नुसतं बोलणं सोडलं. झऱ्यावर ती आली की बाया घागरी उचलायच्या. मी दर महिन्याला जायचो, चहापूड, गूळ न्यायचो. ती उंब्रजची चौकशी करायची, माझ्या पोरांची नावं घेऊन विचारायची. त्या वाक्याविषयी तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. दोन उन्हाळे असे काढले आणि ती गेली.

दहाव्याला वाडी आली. मेल्या माणसावर कोण राग धरतं? पिंडाला कावळा शिवल्यावर कृष्णात माझ्याशेजारी येऊन बसला. समोर बोडका डोंगर तापत होता.

"तुजी मावशी लय गुनाची बाई हुती गड्या," तो म्हणाला. "पर तिच्या त्या एका बोलन्यानं वाडी बुडाली."

मी म्हणालो, "व्हय."