पडू नये म्हणून

कावेरीच्या कानामागे, कातडीखाली, मुंबईच्या डॉक्टरांनी यंत्र बसवलं होतं. त्यात एक चुंबक होता. बाहेरची चकती केसांतून त्या चुंबकाला चिकटली की चार वर्षांच्या कावेरीला ऐकू यायचं. चकती पडली की काहीच नाही.

आणि ती सारखी पडायची. खेळताना, फ्रॉक घालताना, एकदा तर परळीच्या भरबाजारात गटाराच्या काठावर.

तिचा बाप बसवेश परळीच्या औष्णिक केंद्रात यंत्रदुरुस्तीला होता. दिवाळीनंतर त्यानं एका बिघडलेल्या मीटरमधला चुंबक काढून चकतीच्या पाठीवर चिकटवला. आता उड्या मारल्या तरी चकती हलेना. पोरगी दिवसभर ऐकू लागली. संक्रांतीला ती पहिल्यांदा "अप्पा" म्हणाली.

आजीनं, शिवम्मांनी, पदराची पिन चकतीला लावून पाहिली. चिकटली. "बसवेशा, उद्या पोरीच्या डोक्याला तवा चिकटंल रं!"

कावेरीच्या आईला, रोहिणीला, चकतीखाली लाल वर्तुळ दिसलं होतं.

"अहो, लई लाल झालंय."

"घट्टा पडतोय. माज्या हाताला न्हाई पडला?"

तिला पटलं. मुलगी रडत नव्हती, बोलत होती.

महाशिवरात्रीच्या सकाळी न्हाऊ घालायला रोहिणीनं चकती ओढली. तिच्याबरोबर काळं पडलेलं कातडं निघून आलं. खाली रक्त नव्हतं. भोकातून काहीतरी करडं, गुळगुळीत चमकत होतं.

रोहिणी किंचाळली. शिवम्मा धावत आल्या. बसवेश तोंडाला साबण तसाच ठेवून आला. कावेरी मात्र तांब्यातल्या पाण्याशी खेळत होती. तिला किंकाळी ऐकूच आली नव्हती.

बसवेशनं नाक्यावरच्या एसटीडीवरून मुंबईला फोन लावला.

"आजच निघा," डॉक्टर म्हणाले. मग, "चकतीला काही लावलं होतंत?"

त्यानं सांगितलं.

"दोन चुंबकांमध्ये कातडी दाबून मेली. आतलं यंत्र उघडं पडलंय. बहुतेक काढावं लागेल."

"परत बसंल ना, साहेब?"

"आधी जखम भरू द्या."

तो घरी आला तेव्हा कावेरी चकती हातात घेऊन दारातच उभी होती. पडली की लगेच लावायची, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. तिनं चकती कानामागे नेली. त्यानं मनगट धरलं.

"नको, बाई."

ती हिसका देऊ लागली. त्यानं सोडलं नाही. तेव्हा तिनं चकती त्याच्यापुढे धरली.

"अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "लाव."