चंद्रावर न गेलेला ध्वज

मी अमेरिकेचा एक जुना ध्वज आहे. तांबडे-पांढरे पट्टे, निळ्या चौकोनात तारे. मला पाहणारे सगळे एकच विचारतात, "हा चंद्रावरचा का?"

नाही, मित्रांनो. चंद्रावर गेला तो दुसरा. मी सरावाचा.

ह्यूस्टनच्या अवकाश केंद्रात शिवणकाम करणाऱ्या व्हेल्मा हॉजेस यांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी तयार केले. चंद्रावर वारा नसतो, ध्वज नुसता लोंबत राहील, म्हणून त्यांनी आमच्या वरच्या कडेला नेफा शिवून त्यात आडवी दांडी सरकवली. मग दुसऱ्याची घडी पेटीत गेली आणि मी चंद्रासारखी राख-खडी पसरलेल्या सरावाच्या मैदानात आलो.

तिथे अंतराळवीर डॅरेल व्हिटकोम आणि त्याचा जोडीदार रॉय मला रोवायला शिकत. जाड हातमोज्यांत बोटे वळत नसत. खांब वीतभर शिरे आणि अडे. मग मी कापडाच्या बाजूला कोसळत असे. टेक्सासच्या उन्हात, दिवसाला वीस-वीस वेळा. नेफा उसवला की व्हेल्माबाई टाके घालत आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर. मी दमलो होतो. डॅरेलही.

उड्डाणाला नऊ दिवस उरले होते. मी पुन्हा पडलो, तसा डॅरेलने हातमोजा काढून टाके घालायला आलेल्या व्हेल्माबाईंसमोर खडीत फेकला.

"सगळं जग बघत असणार, व्हेल्माबाई. तिथं हा असा पडला तर माझ्या मुली शाळेत तोंड कसं दाखवतील?"

"तू टोमॅटोला कधी काठी लावलीयस का?"

"आमच्याकडे ते बायको बघते."

"तरीच! सरक बाजूला." त्यांनी खांब डावी-उजवीकडे पिळत खाली नेला आणि कापडाच्या उलट बाजूला किंचित कलवला. "ठोकू नकोस, पीळ. आणि भार मागे टाक."

मी उभा राहिलो. रॉय हसत सुटला. "अंतराळवीर तू, आणि मास्तरीण शिवणवाली!"

"गप रे. तूही शीक," डॅरेल म्हणाला.

त्या दिवशी मी आणखी अकरा वेळा पडलो.

चंद्रावरचे चित्र टीव्हीवर दिसले, तेव्हा मी अर्धवट शिवलेला व्हेल्माबाईंच्या मांडीवर होतो. तिथेही खांब अडला. बाईंनी मला मुठीत आवळले. मग पडद्यावरचा डॅरेल खांब पिळू लागला, हळूच कलवला आणि हात सोडून मागे सरला. ध्वज उभा राहिला! खोलीत एकच जल्लोष झाला. बाई मात्र माझ्यात तोंड खुपसून रडल्या. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव कुठेच आले नाही.

पुढे मला एका संग्रहालयाच्या कोपऱ्यात टांगले. रंग विटले, कड विरली. सरावाचा म्हटल्यावर मुले पुढे निघून जात. अशी कित्येक वर्षे गेली.

काल व्हेल्माबाई आल्या, चाकांच्या खुर्चीत. खुर्ची ढकलत होता म्हातारा डॅरेल.

"टाके घातले तर अजून दहा वर्षं टांगता येईल," संग्रहालय सांभाळणारी मुलगी म्हणाली.

व्हेल्माबाईंनी माझ्या नेफ्यावरून बोट फिरवले. "नको, पोरी. किती शिवायचं त्याला? दमलाय तो."

आमच्याकडे जीर्ण ध्वज मानाने अग्नीला देतात. उद्या सकाळी जुन्या सैनिकांच्या मैदानावर माझी वेळ आहे. डॅरेल सलाम करायला उभा राहणार आहे.

मित्रांनो, मला वाईट वाटत नाही. एवढेच मागतो, की तुमच्यासाठी रोज पडणारे, झिजणारे कुणी घरात, शाळेत असेल, तर ते दमले आहे हे वेळेवर ओळखा. आणि त्याला बसायला सांगा.