शालीतली बिनवासाची रेघ

मित्रांनो, आधी मला नाकाशी धरा. काय वास आला? मेंढीचा, धुराचा, थोडा खारट. दूर उत्तरेच्या थंड समुद्रातल्या हॅरिस बेटावरच्या जुन्या शालींना आणखी एक वास असतो, तो माझ्यात नाही. मी एक जुनी लोकरी शाल आहे, आणि तो वास नसणं हीच माझी शान आहे.

आमच्या घराण्याची चौकडी ठरलेली. रुंद निळा पट्टा, मग हिरवा, मध्ये बारीक तपकिरी रेघ. मध्यावर पोचले की धागे त्याच क्रमाने उलटे फिरतात; जसे गेले तसे परत येतात. हा क्रम एका काठीवर रंगीत धागे गुंडाळून जपलेला असे. काठी बेहाकआजीच्या ताब्यात. धागा चुकला की ती सुनेला, मार्सलीला, सगळं उसवायला लावी.

तपकिरी रंग खडकावरच्या दगडफुलाचा. तुमच्या मसाल्याच्या डब्यात असतं ना, त्याचंच भावंड. लोकरीबरोबर उकळलं की रंग पक्का बसतो, आणि त्याचा मातकट गोड वास जन्मभर जात नाही.

मार्सलीचा मुलगा टोरमद पहिल्यांदा मोठ्या होडीवर निघणार होता. त्याच्यासाठी मी मागावर चढले. पण मार्सलीने दगडफुलाची कढई चढवलीच नाही. तपकिरी मेंढीची लोकर न रंगवता कातली आणि त्या रेघेत विणली. सासूला मात्र काही बोलली नाही.

विणलेलं कापड भिजवून फळीवर आपटतात, म्हणजे ते दाट होतं. भिजवतात शिळ्या मुतात. हसू नका, आम्ही सगळ्या तशाच मोठ्या झालो! शेजारणी जमल्या, गाणं लागलं, आणि त्यांच्यातल्या पेगीचं नाक त्या दर्पातूनही पुढे सरकलं.

"मार्सले, ही रेघ नुसती दिसायलाच का गं? दगडफुलाचा वास कुठाय?"

"तुझं नाक म्हातारं झालं, पेगी."

"माझं नाक? तुझ्या नवऱ्याची बाटली कुठे लपलीय, ते याच नाकाने शोधलं होतं!"

सगळ्या हसल्या. बेहाकआजी हसली नाही. तिने मला ओढून हुंगलं.

"हा धागा कुठला?"

"तपकिरी मेंढीचा. बिनरंगाचा."

"घराण्याची चौकडी मोडलीस?"

"मोडली, आई. दगडावरून काढलेलं दगडाकडेच परत जातं, अंगावर घालणाऱ्याला समुद्राच्या तळाशी ओढतं, हे तुम्हीच शिकवलंत. मामंजी बुडाले तेव्हा त्यांच्या पायांत दगडफुलाच्या रंगाचे मोजे होते. लेकाच्या अंगावर तो रंग घालून मी त्याला समुद्रावर धाडणार नाही. उसवायची तर उसवा. मग तो शालीवाचून जाईल."

गाणं थांबलं. आजी त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मला फळीवर असं आपटलं, की पेगीच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

"गा गं! गप्प का बसलात? पोराला थंडी वाजेल."

त्याच संध्याकाळी तिने काठीवरचा तपकिरी धागा स्वतः सोडवला आणि तिथे मेंढीचा गुंडाळला.

टोरमद वादळातून गेला आणि परत आला. पुढेही येत राहिला. मी त्याला वाचवलं असं म्हणणार नाही. होडी भक्कम होती, हात तरबेज होते. पण त्याच्या आईला झोप लागायची, ते काम माझं.

मग मी पाळण्यावर पडले, पुढे कुत्र्याखाली, शेवटी पेटीत. कसरीने एक कोपरा खाल्ला. कुणी विचारलं नाही.

परवा टोरमदची पणती डोलिना मला कापड गिरणीत घेऊन गेली. लग्नासाठी तिला अशीच शाल हवी होती. तिथला माणूस म्हणाला, "ही रेघ चुकलीय. नमुन्यांच्या पुस्तकातल्या रंगाची करून देतो."

"हात लावू नका तिला," डोलिना म्हणाली. "माझा होणारा नवरा होडीवर असतो."

माझ्याशेजारी आता नवी शाल आहे. तिलाही तो वास नाही.

मित्रांनो, जुन्या कापडांना ऊन दाखवा, पेटीत विसरू नका. आणि त्यांत एखादा धागा वेगळा दिसला, तर लगेच ओढून काढू नका. आधी घरात विचारा, तेव्हा समुद्रावर कोण निघालं होतं.