गुणाजीच्या छपराची खाज

गुणाजीच्या अंगणात त्या सकाळी अख्खी कोळीवाडी जमली होती आणि खाजवत होती. पुरुष खांबाला पाठ घासत होते, बायका कोपरं ओरबाडत होत्या, आणि ज्यांना खाज नव्हती ते शेजाऱ्याकडे बघून खाजवत होते. मधोमध कोंडाजी भगत डोळे मिटून घुमत होता. दयाराम गुरुजी शाळेला कुलूप घालून आले, कारण शाळेत कुणी उरलंच नव्हतं.

“माझ्या वाडीत समदी छपरं मान झुकवून उभी हायेत,” भगताच्या तोंडून देवी बोलत होती. “ह्ये एकच ताठ का? फोडा त्ये!”

गर्दी शहारली. खरंच की! किहीमच्या पलीकडच्या त्या वाडीत सन सदुसष्टपर्यंत एकही सपाट छप्पर नव्हतं.

हे पहिलं सपाट छप्पर गुणाजीच्या मुलानं, सदानं घातलं होतं. सदा माझगावला काचेच्या तंतूंच्या नव्या तऱ्हेच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याची बायको केसर पोटुशी होती. पहिलं मूल चुलीच्या धुरात आणि गळतीत बारशाआधीच गेलं होतं. या खेपेला तिला कोरडी खोली द्यायचीच, म्हणून त्यानं मागच्या भिंतीला एक खोली जोडली. जुन्या घराची वळचण इतकी खाली, की कौलांना उतार द्यायला उंचीच नाही. पत्रा घालावा, तर खारा वारा दोन पावसाळ्यांत त्याची चाळण करतो. मग सदानं फळ्या ठोकल्या, वर काचेच्या तंतूंची चटई अंथरली आणि तीवर राळेसारखा चिकट रस चोपडला. तो वाळून होडीच्या तळासारखा टणक झाला. काच झाकणारा वरचा गुळगुळीत हात तेवढा राहिला, कारण रसाचा डबा संपला. पुढच्या खेपेला आणतो म्हणून सदा मुंबईला गेला.

कोळीवाडीत सपाट जागेवर ऊन पडलं, की त्यावर मासळी वाळत पडते. शेजारच्या नीराबाईनं शिडी लावून छपरावर जवळा पसरला. तिचं बघून बाकीच्यांनीही पसरला.

“नीराबाई, खाज कधीपासून?” गुरुजींनी विचारलं.

“जवळा खाल्ला तवापासून. घशातपण टोचतंय. देवी घशात बसलीय, गुरुजी.”

“तो छपरावरून गोळा कसा केलात?”

“खराट्यानं. मग काय जिभेनं करू?”

केसर दारातून हळूच म्हणाली, “वरचा हात होईतो कुणी चढू नका, काच टोचेल, असं हे सांगून गेले होते. मी मामंजींना बोलले. ते म्हणाले, छपराला काय मोती लागलेत?”

गुणाजी खाली बघून मान खाजवू लागला.

तेवढ्यात भगत शिडी चढला. त्यानं दोन्ही तळहात छपरावर खसाखसा घासले आणि वर करून दाखवले. “बघा! देवीच्या माणसाला काय होतंय का?” खाली एकच जयघोष झाला. त्याच्या हातांवरून खोबरेल ओघळत होतं. त्यात अंगारा कालवलेला होता, त्यामुळे ते तेल आहे हे गुरुजींखेरीज कुणाच्या मनात आलं नाही.

गुरुजींनी आपल्या जुन्या छत्रीचं काळं कापड काढलं, शिडी चढून ते छपरावरून फिरवलं आणि उन्हात धरलं. कापडावर बारीक कुसळं चमकत होती. “ही काच. खराट्यानं मोडली, जवळ्यात गेली, तिथून तुमच्या अंगात. आता हे बघा.” त्यांनी उजव्या हाताला तेल जाड चोपडलं, डावा कोरडा ठेवला आणि दोन्ही छपरावर घासले. थोड्याच वेळात डावा हात लालभडक झाला. उजवा शाबूत.

वाडी हात बघायला पुढं सरकली. गुरुजींना वाटलं, जिंकलो.

“बाबौ!” नीराबाई ओरडली. “देवीनं गुरुजींचा एकच हात धरला!”

“अहो, तेलामुळं! काच तेलात रुतते, कातडीपर्यंत पोचत नाही!”

“तेल कुणाचं?” भगतानं विचारलं.

“वाण्याचं!”

“वाणी देवीचा भक्त हाय,” भगत म्हणाला, आणि प्रश्न मिटला.

गुरुजी गुणाजीकडे वळले. “तुम्ही तरी ऐका. सदा येईल, वरचा हात मारील, काच बंद होईल. सूनबाईला खोली हवी ना?”

गुणाजीनं गुरुजींना बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाला, “तुमचं पटतंय, गुरुजी. कापडावर दिसली मला काच. पण उद्या होडी उलटली, तर वाडी म्हणंल गुणाजीच्या छपरानं उलटली. तवा तुमी याल का समुद्रात माझ्यासंगं?”

गुरुजींना पोहता येत नव्हतं.

कुऱ्हाडी चालल्या. टणक छप्पर सहजी मोडेना, म्हणून जोर करून फोडलं, आणि इतके दिवस जी काच वर निजली होती तिचा धुरळा वाडीभर उडाला. भगताचं तेल हातांनाच होतं. मान, डोळे, काखा उघड्या होत्या. “देवी जाता जाता झटका देतीय!” तो किंचाळला. हे मात्र त्यानं मनापासून म्हटलं.

दुपारी तो शाळेच्या मागच्या दारानं आला. “गुरुजी, कुणाला सांगू नका. काय करायचं ह्याला?”

“चोळू नका. गार पाणी ओता भरपूर. कपडे वेगळे धुवा.”

दुसऱ्या दिवशी कोंडाजीच्या स्वप्नात देवी आली. तिनं आज्ञा केली: चोळू नका, गार पाणी ओता, कपडे वेगळे धुवा. वाडीनं आज्ञा पाळली. सगळे बरे झाले. देवीला नारळांची रास पडली, आणि छप्पर फोडायला सांगितलं म्हणून भगताचा मान वाढला.

वाचकहो, काचेला राग येत नाही, आणि छपराला मान नसते. अंगाला खाज सुटली तर आधी हात कुठं लावला होता ते आठवा. एवढं आठवायला शाळा लागत नाही. आणि एखादी गोष्ट डोळ्यांनी दिसली, पटली, तर चारचौघांत तसं म्हणा. गुणाजीला काच दिसली होती. तो तसं मोठ्यानं म्हणाला असता, तर कदाचित आणखी दोघे म्हणाले असते.

आषाढात केसर बाळंत झाली, त्याच चुलीपाशी. सुईणीनं मुलाला फडक्यात गुंडाळलं, आणि गुणाजी रात्रभर त्याच्यावर सूप धरून बसला, कारण जुनं छप्पर गळत होतं.