माझा आखूड पाय

मित्रांनो, ज्या वर्षी मिस्त्रींची मुलगी भिंत सोडून पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली, त्याच वर्षी मीही उभा राहिलो. मी एक जुने लाकडी स्टूल आहे. माझे मालक सुतार होते. सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणे. एका शाळेची दारे करून उरलेल्या लाकडातून त्यांनी मला घडवले. माझ्या अंगात एकही खिळा नाही. "खिळा म्हणजे आळशाचा सांधा," असे ते म्हणत. रंधा मारून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून तळहात फिरवला. तो तळहात माझ्यापेक्षा खरखरीत होता.

मला डोळे नाहीत, पण लाकूड ऐकते. आणि माणसाचे वजन तर स्टुलाला कधीच चुकत नाही. मुलीचे वजन माझ्यावर रोज थोडे थोडे वाढत गेले. ती कपाटावर, खिडकीवर, फळ्यांच्या ढिगावर सरसर चढायची, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. नऊ वर्षांची असताना तिने ओट्यावरून माझ्यावर उडी घेतली आणि माझा एक पाय मोडला.

मिस्त्रींनी फिकट रंगाचे दुसरे लाकूड आणले. खारू म्हणाली, "मी मोडला, मीच कापणार." त्यांनी करवत तिच्या हातात दिली आणि आपले हात मागे बांधून उभे राहिले. एकदाही मध्ये पडले नाहीत. पाय बसला, मला जमिनीवर ठेवले आणि मी डुललो. नवा पाय अर्धे बोट आखूड झाला होता. पोरीने भोकाड पसरले.

"रडतेस कशाला?" मिस्त्री म्हणाले. "चारातला एक आखूड असला की वस्तू गर्दीतही ओळखू येते. जा, पुठ्ठा आण."

तिने पुठ्ठा दुमडून माझ्या पायाखाली घातला. मी तरी डुललोच.

"तीन घड्या नको, चार."

चार घड्यांवर मी स्थिर झालो. त्यानंतर रोज सकाळी कारखाना झाडला की खारू माझ्याखालचा पुठ्ठा बदलायची आणि स्वतःशीच म्हणायची, "तीन नको, चार." मित्रांनो, गिऱ्हाइकाच्या कपाटात केसाएवढी फट राहिली तर मिस्त्री सगळे कपाट उसकटत. माझा पाय मात्र त्यांनी कधी बदलला नाही.

खारू मोठी झाली. बापाच्या जोडीने काम करू लागली. आणि मिस्त्रींची पाठ धरू लागली. तीस वर्षे वाकून रंधा मारल्यावर दुसरे काय होणार? औषधे झाली, शेक झाला. तेव्हा खारू संध्याकाळी योगासने शिकायला जाऊ लागली. त्यांच्यासाठी म्हणून गेली आणि त्यातच रमली. दोन वर्षांनी तिने सांगितले, की आता मी हेच शिकवणार, दुसऱ्या शहरात जाणार.

मिस्त्रींच्या हातातली पटाशी थांबली. "आणि हा कारखाना?"

"बाबा, तुमच्या पाठीसाठीच शिकले ना मी हे. एकदा तरी करून बघा."

रागाच्या भरात माणूस हाताला लागेल ते फेकतो. मिस्त्रींच्या हाताला मी लागलो. त्यांनी मला ढकलले आणि म्हणाले, "तुला एक पाय सरळ कापता आला नाही. तू माणसं काय सरळ करणार!"

खारू खाली वाकली. तिने पुठ्ठ्याची घडी नीट केली, माझ्याखाली सरकवली आणि गेली.

सात वर्षे बापलेक बोलले नाहीत. दर रविवारी तिचा फोन आला की मिस्त्री चपला घालून बाहेर पडत. घरातल्या बाई, म्हणजे खारूची आई, दोघांचे निरोप तयार करून एकमेकांना सांगायच्या. खरे तर कोणीच काही निरोप दिलेला नसायचा. कारखाना बंद झाला. मी घरात आलो, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे साठली. पुठ्ठा झिजून गेला आणि मी पुन्हा डुलू लागलो. मला वर्तमानपत्रांचे वजन सोसवत नव्हते असे नाही. मला माणूस हवे होते.

एके दिवशी शेजारचे शिंपीकाका ताठ मानेने घरात आले. हा माणूस जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेला. मिस्त्री म्हणाले, "काय रे, मान अडकली का?"

"अडकली नाही, सुटली! रोज सकाळी सात वाजता फोनवर योगासनं करतो. म्हाताऱ्यांचा वर्ग आहे. शिकवणारी कोण आहे, विचार."

मिस्त्रींनी विचारले नाही.

"मिस्त्री, पोरगी तुझी आणि पाठ माझी सरळ झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

शिंपीकाकांनी आपल्याच नावावर त्यांनाही वर्गात घातले. दुसऱ्या दिवशी बाई दूध आणायला म्हणून गेल्या. मिस्त्रींनी माझ्यावरची वर्तमानपत्रे उतरवली, फोन खिडकीत खिळ्यांच्या डब्याला टेकवला, त्यातला कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद केले आणि माझ्यावर बसले. सात वर्षांनी! वजन कमी झाले होते, पण तेच होते.

आणि फोनमधून तो आवाज आला. "ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांनी स्टुलावर बसा. पाय जमिनीला टेकवा. शिंपीकाका एक आले, शिंपीकाका दोन कोण?"

"माझा भाऊ," शिंपीकाकांनी ठोकून दिले. "जरा लाजाळू आहे."

तसे रोज सुरू झाले. खारू सांगे, श्वास घ्या, हात वर न्या, कमरेतून हळू वळा. मिस्त्रींचे हात कानाच्या वर जात नसत. तोंडाने ते कुरकुरत, "हात वर न्या म्हणे. काय छप्पर धरायचंय?" पण न्यायचे. घरात कोणाला पत्ता नाही, अशी त्यांची समजूत होती. फोन रोज सकाळी चार्ज झालेला कसा मिळतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

एका सकाळी फोन डब्यावरून घसरला. सुताराचा अंगठा जाड. उचलून ठेवताना कुठले तरी बटण दाबले गेले. खारू सांगत होती, "श्वास आत घ्या..." आणि ती थांबली.

पुढे काही सांगेचना. पंधरा म्हातारी माणसे श्वास धरून बसली. शेवटी एक आजी कळवळल्या, "अगं बाई, आता सोडायचा का?"

"सोडा," खारू म्हणाली. तिचा आवाज ओला लागला. मग ती हळू म्हणाली, "ज्यांच्या स्टुलाचा एक पाय आखूड असेल, त्यांनी त्याखाली पुठ्ठा घालावा. दुमडून. तीन घड्या नको, चार."

मिस्त्री माझ्यावर दगडासारखे बसून राहिले. वर्ग संपल्यावर शिंपीकाका धावतच आले. "अरे, तुझे दोन पाय आणि त्या स्टुलाचे चार, सगळ्यांना दिसले की!" मिस्त्री खाली वाकले, त्या पाठीने वाकले, आणि माझ्याखाली चार घड्या घातल्या.

मित्रांनो, यानंतर सगळे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. मोठ्या माणसांचे तसे नसते. कॅमेरा पुन्हा बंद झाला. खारू रोज म्हणे, "स्टुलावर बसणाऱ्यांनी घाई करू नका." मिस्त्री आवाज बंद असलेल्या फोनला म्हणत, "नाही करत." वर्ग संपला की ते बसून राहत आणि एकच वाक्य पुटपुटत. कधी पुढून, कधी मागून, जसे लाकडावर पॉलिश पेपर फिरवावा तसे. ते वाक्य मी तीन महिने ऐकले. ऐकायला हवे होते तिने.

एके दिवशी स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला. "अहो, बटण दाबून बोला. स्टुलाला सांगून काय होणार?"

"तू दूध आणायला गेली नाहीस?"

"दूधवाला दारात येतो, दोन वर्षं झाली." बाई आल्या आणि त्यांनी स्वतःच दोन्ही बटणे दाबली. "हं. बोला आता."

मिस्त्रींनी सदरा नीट केला.

"खारू, तू पाय बरोबर कापला होतास. जमीनच वाकडी होती."

फोनमधून खारूचा आवाज आला. "पाठ सरळ ठेवा, बाबा."

"बाबा? कोणाचे बाबा?" त्या आजींनी विचारले.

"कबूल करतो," शिंपीकाका म्हणाले, "तो माझा भाऊ नाही."

डिसेंबरात वर्गाला सुट्टी असणार होती, तेव्हा घरी यायचे खारूने ठरवले. बाई म्हणाल्या, "आता तरी तो पाय नीट करा. पोरगी येतेय."

"हात लावू नकोस. तिने कापलाय तो."

कोणते पाऊल दाराशी वाजते, इकडे माझे लक्ष असे. मिस्त्री दिवस मोजत होते आणि मी त्यांच्याबरोबर.

ती आली. ठरल्यापेक्षा आधीच आली. आता सात वाजताचा वर्ग ती याच खोलीतून घेते, माझ्यावर बसून. रोज सकाळी पुठ्ठा बदलते. तिचे वजन मला जन्मापासून ठाऊक आहे. तरीही पहाटे कोणी जवळ आले की मी दुसऱ्याच वजनाची वाट पाहतो.

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने स्टूल पुसा, त्याचा सांधा ढिला झाला तर वेळीच आवळा, त्याला वर्तमानपत्रांखाली गाडू नका. पण एक मागणे याहून मोठे आहे. माणसाला सांगायचे ते लाकडाला सांगत बसू नका. आम्ही ऐकतो, पण पोहोचवू शकत नाही.

मिस्त्री त्या वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी सातच्या थोडे आधी, वारले.