सात नंबरचं झाड

शिकाऱ्यांच्या टोळीत माणूस कधी एकटा पडत नाही. रानात शेजारी उभा असलेला गडी सख्ख्या भावापेक्षा जवळचा, कारण सख्खा भाऊ भरलेली रायफल घेऊन आपल्या शेजारी उभा नसतो. हे मला आमच्या गावच्या टोळीतल्या अकरा जणांनी सांगितलं. वेगवेगळ्या दिवशी, माझ्या औषधांच्या दुकानात येऊन, आणि अकराही जणांनी त्याच शब्दांत. शब्द सारखे आहेत हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की माझं लक्ष नसतं.

मी स्वतः शिकार करत नाही. आमच्या इटलीत, तोस्कानाच्या डोंगरात, हे सांगणं म्हणजे मला आईच्या हातचं जेवण आवडत नाही असं चारचौघांत सांगण्यासारखं आहे. औषधवाल्याला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे म्हणणाऱ्यावर. टोळीतले लोक म्हणतात तेव्हा हिशोब सोपा असतो.

माझा मुलगा याकोपो मात्र आजोबांवर गेला. अठरा पूर्ण झाल्याच्या महिन्यात त्याने परवाना काढला. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. परीक्षेची पुस्तकं आणि काडतुसांचे डबे एकाच कपाटात असायचे. टोळीचा प्रमुख लोरियानो हा माझा शाळेतला मित्र आणि याकोपोचा धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने पोराला हातात घेतलं होतं, आणि अठराव्या वर्षी पोराच्या हातात रायफल दिली. दोन्ही वेळा मी फोटो काढले.

डुकराच्या हाक्यात कुत्री आणि हाकारे खालून रान उठवतात, आणि बंदूकवाले वर आपापल्या ठाण्यावर उभे असतात. प्रत्येक ठाण्याला नंबर, नंबराची पत्र्याची पाटी झाडाला खिळ्यांनी ठोकलेली. कोणी कुठे उभं राहायचं ते प्रमुख ठरवतो. एकदा उभं केलं की शिंग वाजेपर्यंत हलायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. हा बंदूकवाल्यांचा नियम. प्रमुखासाठीही एक नियम आहे : कुठलीही दोन ठाणी एकमेकांच्या गोळीच्या रेषेत ठेवायची नाहीत. पहिला नियम टोळीच्या झोपडीत भिंतीवर रंगवलेला आहे. दुसरा कायद्याच्या पुस्तकात आहे. झोपडीत पुस्तकं नाहीत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सव्वादहाला सात नंबरवरच्या याकोपोने ओहोळातून पळणाऱ्या डुकरावर गोळी झाडली. डुकराला ती लागली नाही. ओहोळाच्या पलीकडे आठ नंबरवर फोस्को उभा होता. वय एकाहत्तर, निवृत्त बसड्रायव्हर. त्याने गावातल्या दोन पिढ्या शाळेत पोचवल्या, एकदाही कोणाला ओरखडा न येऊ देता. त्यात मी होतो आणि याकोपोही होता.

पोलीस आले तेव्हा याकोपो फोस्कोच्या शेजारी चिखलात बसला होता. तो म्हणाला, "गोळी माझी आहे. मी पलीकडे बघितलं नाही." पुढच्या चौदा महिन्यांत त्याने यातला एक शब्द बदलला नाही. चूक करणाऱ्या पोरांकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवतो. ती पुरी झाली की पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं.

तिसऱ्या दिवशी लोरियानो दुकानात आला. त्याला रक्तदाबाची गोळी लागते. मी डबी पुढे केली, ती त्याने बघितलीही नाही.

"डॉक्टर, माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "पोर माझंपण आहे. आम्ही सगळे कोर्टात उभे राहू."

"काय सांगणार?"

"खरं ते. आमच्यात कोण खोटं बोलतं? तू आपला काउंटर सांभाळ. रानातलं आमच्यावर सोड."

मी सोडलं.

नवव्या दिवशी जागेची पाहणी झाली. तपास अधिकारी, आमची वकीलबाई, लोरियानो आणि मी. अपघाताच्या दिवशी पोलिसांनी याकोपोच्या काडतुसाची पुंगळी एका ओकच्या बुंध्याशी मिळाल्याचं लिहून घेतलं होतं. पाट्यांकडे त्या दिवशी कोणी पाहिलं नव्हतं. सगळे फोस्कोकडे पाहत होते. आता पाहिलं. सात नंबरची पाटी ओकवर नव्हती. ती तीस पावलं खाली, एका चेस्टनटच्या झाडावर होती. तिथून आठ नंबर दिसतच नाही, मध्ये खडकाचा मोठा उंचवटा आहे. म्हणजे याकोपो आपलं ठाणं सोडून तीस पावलं वर गेला आणि तिथून त्याने गोळी घातली. ठाण्यांची मांडणी निर्दोष, मांडणारा निर्दोष, उरला एकटा पोरगा.

अधिकाऱ्याने ठाण्यांचा नकाशा मागितला. तो लोरियानोने वीस वर्षांपूर्वी स्केचपेनने काढून सरकारदरबारी जमा केलेला होता. त्यात ओक आणि चेस्टनट दोन्ही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसत होते. सात आकडा दोन गड्ड्यांच्या बरोबर मध्ये.

पाटी गंजलेली होती. खिळे चकचकीत होते. औषधवाल्याची नजर, दुसरं काही नाही, मी विचारलं, "खिळे नवे दिसतात?"

"दरवर्षी बदलतो," लोरियानो म्हणाला. "गंजतात रे. तुला काय कळतंय, तुझ्या बाटल्यांना खिळे नसतात."

अधिकारी हसला. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

घरी आलो तेव्हा याकोपो स्वयंपाकघरात उभा होता.

"बाबा, सात नंबर ओकवर आहे."

"मी आत्ता बघून आलो."

"ओकवर आहे. लोरियानोकाकांनी मला स्वतः खांद्याला धरून तिथे उभं केलं. म्हणाले, ही मोक्याची जागा, तुझ्यासाठी ठेवली."

"याकोपो, तू घाबरला होतास. माणसाला अशा वेळी नीट आठवत नाही."

"मला सगळं आठवतं," तो म्हणाला. "तेच तर आहे."

अकरा जणांच्या जबान्या झाल्या. पाटी पहिल्यापासून चेस्टनटवरच आहे. पोरगा गुणी आहे, पण तरुण आहे, तरुणांना एका जागी राहवत नाही. अकराही जणांनी हे त्याच शब्दांत सांगितलं. सरकारी वकिलाला तो सत्याचा पुरावा वाटला. मलाही वाटला. मी शास्त्र शिकलेला माणूस : अकरा निरीक्षणं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि ते एक माझ्या मुलाचं, म्हणजे बापाने त्यावर विश्वास ठेवणं हा तर उघड पक्षपात. मी पक्षपात केला नाही. याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटत होता.

वकीलबाईने आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. माझी बायको मिरेल्ला कॉफी ओतत होती.

"पोरगा ठाण्यावर होता असं धरलं," वकीलबाई म्हणाली, "तर दोष अर्धा टोळीप्रमुखाचा. मग मी वर्षभराची समाजसेवा मागते. ती नीट केली की खटला मिटतो, नावावर काही राहत नाही. वनरक्षकाची परीक्षाही देता येते."

"मग मागा," मिरेल्ला म्हणाली.

"पण पाटी चेस्टनटवर आहे. ठाणं सोडलं आणि वर ते नाकारतोय, असं दिसतं. न्यायाधीश म्हणतील, याला पश्चात्ताप नाही. खटला चालला तर तुरुंग होऊ शकतो. त्यापेक्षा ठाणं सोडल्याचं कबूल करू द्या. दीड वर्षाची शिक्षा, स्थगित. एक दिवसही आत जावं लागणार नाही."

"आणि परीक्षा?" याकोपोने विचारलं.

वकीलबाईने कॉफीत साखर घातली. तिने आधीच घातली होती.

"मी फोस्कोला मारलं," याकोपो म्हणाला. "हे मी कुठेही लिहून देतो. मी ठाणं सोडलं हे नाही लिहिणार. ते मी केलं नाही."

लोरियानो त्या संध्याकाळी सहाला आला. पोराच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "बेटा, सही कर. सही केलीस की टोळी तुझ्या मागे उभी आहे. नाही केलीस, तर लोक म्हणतील की तू म्हाताऱ्यालाही मारलंस आणि आम्हालाही खोटं पाडलंस. तुझ्या आईने गावात भाजी कशी आणायची?"

याकोपो त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "कर सही."

त्याने केली. माझंच पेन होतं, खोकल्याच्या औषधाच्या कंपनीने फुकट दिलेलं.

न्यायालयात सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशबाईंनी तरुणांच्या जबाबदारीवर दोन चांगली वाक्यं म्हटली. फोस्कोची बायको नोर्मा पहिल्या बाकावर बसली होती, काळा कोट, मांडीवर पर्स. निकालानंतर बाहेरच्या पायऱ्यांवर ती याकोपोसमोर येऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं थोबाडीत मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"गोळी कोणाच्याही हातून सुटू शकते रे," ती म्हणाली. "ती मी माफ केली असती. पण माझा नवरा चाळीस वर्षं, उभा राहा म्हटलं की उभा राहिला. तुला एक सकाळ उभं राहवलं नाही?"

याकोपोने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. लोरियानो तिला हाताला धरून, हळूच, गाडीकडे घेऊन गेला.

त्या शनिवारी टोळीकडून आमच्याकडे डुकराचा खांदा आला, तीन किलो, हाडासकट. मिरेल्लाने तो रात्रभर वाइनमध्ये भिजवला आणि ऑलिव्ह घालून शिजवला. याकोपो जेवला नाही. आम्ही दोघं जेवलो. मऊ झाला होता.

याकोपो फेब्रुवारीत उत्तरेला गेला. एका गोदामात खोकी उचलतो. रविवारी फोन करतो, आईला.

पुढच्या नोव्हेंबरात नोर्मा दुकानात आली. गुडघ्याच्या मलमासाठी, असं म्हणाली.

"डॉक्टर, उद्या फोस्कोचं दुसरं वर्ष. तिथे फुलं ठेवायची होती. बस जात नाही, आणि टोळीवाल्यांना किती वेळा सांगायचं? तुम्हाला सांगणं म्हणजे... पण तुमच्याकडे गाडी आहे."

"नेतो की, नोर्माबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. मी शेवंतीची कुंडी घेतली, तिने माझा दंड धरला. आठ नंबरच्या झाडाशी टोळीने एक छोटा दगड बसवला आहे. त्यावर लिहिलंय, 'तो आपल्या ठाण्यावर होता.' नोर्माने कुंडी ठेवली, पानं झटकली, दगड रुमालाने पुसला. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओहोळापलीकडे बघू लागली.

"समोरच्या ओकवर काय चमकतंय हो? माझा चष्मा गाडीत राहिला."

मी बघितलं. मला चष्मा लागत नाही.

"पाटी आहे."

"कितीची?"

ओहोळात पाणी वाहत होतं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. आकडे दहाच असतात आणि त्यातला कुठलाही चालला असता.

"सात," मी म्हणालो.

तिने रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "तो चेस्टनट कुठला?"

मी खाली दाखवला. आम्ही उतरून गेलो. तिच्या गुडघ्याला ते बरं नव्हतं. चेस्टनटच्या बुंध्यात खिळ्यांची दोन भोकं होती, नवी, कडेला गंजाचा डागही नसलेली. तिने एका भोकात बोट घातलं.

"म्हणजे पोरगा उभा होता."

"हो."

"आणि मी त्याला..." तिने वाक्य सोडून दिलं. परत येताना गाडीत ती एकदाच बोलली. "तुम्हाला त्याने सांगितलं असेल ना? घरात?"

"सांगितलं होतं."

तिने खिडकीची काच खाली केली. त्या दिवशी थंडी होती.

वकीलबाई फोनवर म्हणाली की तडजोडीने झालेली शिक्षा अशी उघडत नाही. मी फोटो काढला आहे म्हटल्यावर म्हणाली, झाडावर पाटी असल्याचा फोटो आहे, पाटी झाडावरच असते.

लोरियानो गुरुवारी आला, रक्तदाबाच्या गोळीसाठी. मी डबी हातात धरून ठेवली.

"पाटी ओकवर आहे."

तो दचकला नाही. निदान दचकायला तरी हवं होतं.

"मग कुठे असणार?" तो म्हणाला. "चेस्टनटपाशी डुक्कर येत नाही, डॉक्टर. एक अख्खा हंगाम आम्ही तिथे माणूस उभा केला, साधा ससाही दिसला नाही. कागदासाठी ठेवली तेवढी ठेवली. आता कागद मिटला." मग आवाज उतरवून म्हणाला, "माझा परवाना गेला असता. टोळी मोडली असती. अठ्ठावीस माणसं. आणि तो काय, तरुण आहे. त्याच्यापुढे आयुष्य पडलंय."

मी डबी दिली. रक्तदाबाची औषधं अडवून ठेवता येत नाहीत, तो माझा नियम आहे आणि मी तो पाळतो.

रविवारी याकोपोचा फोन आला तेव्हा मिरेल्लाच्या हातातून मी तो घेतला.

"पाटी ओकवर आहे," मी म्हणालो. "मी पाहिली."

पलीकडे कोणीतरी खोकं ढकलत होतं. रविवारीही काम असतं त्यांना.

"मला माहिती आहे, बाबा," तो म्हणाला. "आईला द्या."

यंदा सात नंबर लोरियानोच्या जावयाला दिला आहे. डिसेंबरअखेर त्याची चार डुकरं झाली.