उशाचं कापड

पेटीतली मखमलीची तीन कापडं मी बाजूला केली, त्यांच्याखालची रेशमी उचलली, आणि हाताला थेट तळाचं लाकूड लागलं. कापराच्या गोळ्या होत्या. आईचं कापड नव्हतं.

"सापडलं का?" अवोबाआत्यांनी खुर्चीतूनच विचारलं.

"शोधतेय."

"पेटी आहे की समुद्र? अर्धा तास झाला."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. ऐंशी ओलांडल्या, गुडघे गेले, पण आमच्या बुगुमा गावात मयताचा पलंग सजवायचा म्हटलं की अजून त्यांनाच बोलावणं जातं. सकाळपासून त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि काठीच्या टोकानं आम्हाला हुकूम सोडत होत्या. ही घडी मोडा, ती पुन्हा घाला, लाल वर घ्या, हिरवं भिंतीकडे. उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. मी काही बोलत नव्हते, कारण गुरुवार उजाडला होता, शनिवारी आईला शवागारातून आणायचं होतं, आणि त्याआधी मधल्या खोलीतला पलंग चार भिंतींसकट सजून तयार हवा होता. सगळी कापडं लागली होती. फक्त उशाची जागा राहिली होती.

त्या जागेवर बाईनं स्वतः कापलेलं कापड ठेवतात. बाकी पलंगावर आजीची, पणजीची, सासरची कुठलीही कापडं चालतात, पण उशाशी तिचं स्वतःचं. आमच्याकडे हे चौकडीचं सुती कापड पूर्वी गलबतातून मद्रासेकडून नायजेरियाच्या आमच्या किनाऱ्याला यायचं. आलं तसं कुणी नेसत नसे. सुईनं एकेक दोरा उचलायचा, ब्लेडनं दोन्हीकडून तोडायचा, ओढून काढायचा. असे हजारो दोरे काढले की चौकड्यांतून नक्षी वर येते आणि कापड आमचं होतं. आईनं तिचं कापड सोळाव्या वर्षी कापायला घेतलं आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात संपवलं. माशाच्या काट्याची नक्षी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फक्त काठ कोरे.

ते उशाशी नसलं तर लोक काय म्हणतील हे मला कुणी सांगायला नको. पलीकडच्या वाड्यात एकदा शेजारणीचं कापड मागून आणून उशाशी ठेवलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. त्या घराला अजून 'उसन्यांचं घर' म्हणतात, आणि त्यांच्या पोरी नळावर आल्या की बायका खाकरतात.

आणि पेटीची किल्ली माझ्याकडे होती. गेली बावीस वर्षं ती माझ्या कमरेला आहे. दर कोरड्या ऋतूत मी प्रत्येक कापड वाऱ्याला टाकलंय, पुन्हा त्याच घडीवर घडी घातलीय. आईच्या शेवटच्या आजारात तीन महिनेच काय ती किल्ली तिच्या उशाखाली राहिली, कारण तिनं हट्टच धरला. त्या तीन महिन्यांत तिच्या खोलीत रोज जाणारं माणूस माझ्याशिवाय एकच होतं.

मी बेलेमाला फोन लावला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पोर्ट हार्कोर्टला तिचं कपड्यांचं दुकान आहे, म्हणजे ती त्याला दुकान म्हणत नाही, पण तिथे कपडेच विकतात. नेसायच्या कापडाला चेन लावून मिळते, नेसता न येणाऱ्या पोरींनी त्यात पाय घालून चढवायचं. पुरुषांच्या लांब सदऱ्यांचे बायकांसाठी केलेले झगे मिळतात. आईच्या आजारपणात पोरगी दुकान बंद ठेवून तीन महिने इथे राहिली. त्याबद्दल मी तिला काही बोलत नसे, एरवी खूप बोलले असते.

"मावशी, ते माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. "मग घेऊन ये. आत्ता निघ."

"आणते. पण मावशी..."

"पण काय?"

"आता ते नेसायचं कापड नाही राहिलं. त्याचं जाकीट झालंय."

आत्यांनी काठी आपटली. "काय म्हणते?"

"आणतेय म्हणते," मी म्हणाले.

दुपारी ती आली. अंगात आजोबांच्या सदऱ्यासारखा लांब झगा, गळ्याशी सोन्याच्या तीन गुंड्या, पायात पळायचे बूट. हातातली पिशवी तिनं पलंगावर ठेवली नाही, छातीशी धरून उभी राहिली. मी ती ओढून घेतली.

जाकीट होतं. कॉलर, बाह्या, खिसे, आत काळं अस्तर. पाठीवर आईचे माशाचे काटे मधोमध उभे जोडलेले. शिवण सरळ होती, ते मला नाकारता येईना, आणि म्हणून जास्तच संताप आला.

"कात्री लावलीस," मी म्हणाले. "साठ वर्षांचं कापड, आणि तू त्याला कात्री लावलीस."

"आजीनं सांगितलं म्हणून लावली."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं! बावीस वर्षं मी त्याची नुसती घडी घालत आले, अंगाला लावलं नाही."

"तू लावत नव्हतीस, मावशी. ती देत होती."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

आत्यांनी जाकीट काठीच्या टोकानं उचलून पाहिलं. "हे काय, साहेबाचा कोट? हे उशाशी घालायचं? म्हणजे उद्या बायका विचारतील, म्हातारी नोकरीला निघाली होती का?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू किल्ली सांभाळत होतीस ना गं? कुंपणानं शेत खाल्लं म्हणायचं का मी?"

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. पोरीच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. आत्यांची काठी मोडावी असं वाटलं. मी कॉलर मुठीत धरली आणि उसवायच्या इराद्यानं उलटी केली.

कॉलरच्या पट्टीवर, जिथे पूर्वी कोरा काठ होता, नक्षी होती, आणि ती जुनी नव्हती. आईच्या पूर्वीच्या कामात रेघ धरून ठेवल्यासारखी सरळ जायची. इथे काटे वेडेवाकडे होते, कुठे दोन दोरे जास्त तुटलेले, कुठे एक राहिलेला, पण वळण तिचंच होतं. मी ते वळण घरातल्या उखळ-मुसळासारखं लहानपणापासून बघत आलेय. कॉलरच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग होता, तिळाएवढा.

गेल्या पावसाळ्यात आईनं माझ्याकडे ब्लेड मागितलं होतं. मी म्हणाले, हात थरथरतो तुझा, कापून घेशील. घरातली सगळी ब्लेडं मी माळ्यावर टाकली. मग एक दिवस तिच्या बोटाला चिंधी. विचारलं तर म्हणाली, मासा साफ करताना काटा लागला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बोटाला. मी तिला रागावले, मासळीला हात लावू नकोस म्हणून चुलीपाशी यायची बंदी केली. ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची. मला वाटायचं, म्हातारी शेवटी माझं ऐकायला लागली.

"ब्लेड तू आणून दिलंस," मी म्हणाले.

बेलेमानं मान हलवली. "कॉलरला दोन महिने लागले तिला. रोज जेमतेम अर्धं बोट. तू बाजारात गेलीस की."

"मला का नाही सांगितलं?"

ती गळ्याची गुंडी फिरवत राहिली.

"बोल!"

"ती म्हणाली, इनेबाला कळलं तर ती पेटीला दुसरं कुलूप लावील."

आत्या फिसकन हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मी खरंच लावलं असतं. नव्वद टक्के नाही, शंभर टक्के लावलं असतं.

"आणि हे मिरवायचं कुणी? तू? दुकानाच्या काचेत टांगायचं होतं का?"

"मावशी, हे तुझं आहे. तुझ्या मापानं शिवलंय."

"माझं माप तू कधी घेतलंस?"

"मी नाही. आजीनं सांगितलं. वितीनं, असं हवेत धरून. छाती चार विती. मी म्हटलं, आजी, मावशी आता एवढी नाहीये. तर ती चिडली. म्हणाली, माझ्या पोरीचं माप मला शिकवतेस? बापाच्या मयताला मी स्वतः तिच्या खांद्याला कापड लावून बघितलं होतं."

वडील गेले तेव्हा मी तीस वर्षांची होते. बायकांची मिरवणूक निघायच्या सकाळी आईनं पेटीतून हे कापड काढलं, माझ्या खांद्यावरून सोडलं, वितीनं कमर मोजली आणि म्हणाली, नेस. मी म्हणाले, गर्दीत फाटेल, डाग पडेल, ठेव. बाजारातली नवी लेस नेसून गेले. आईनं घडी घातली आणि पेटीत ठेवली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी किल्ली माझ्या हातात दिली, आणि मला वाटलं, बघा, माझ्या जपण्याची कदर झाली.

मी जाकीट चढवलं. खांदे बसले. बाह्या कोपरापर्यंत आल्या आणि तिथे अडल्या, मी ओढल्या. पुढून गुंड्या आणि काजं यांच्यात वीतभर अंतर राहिलं. श्वास सोडून पाहिला, पोट आत घेऊन पाहिलं. काखेत दाटलं, शिवण करकरली. बेलेमानं शिवणीत जादा कापडाची माया ठेवलीच नव्हती, म्हातारीनं ठेवू दिली नव्हती.

"काढ, फाटेल," आत्या म्हणाल्या.

तेच ऐकून मला रडू फुटलं. रडू म्हणजे संतापाचंच. चोवीस वर्षं मी रोज तिच्यासमोर होते. तिला न्हाऊ घातलं, तिचं ताट वाढलं, रताळ्याचे गोळे तिला हवे तसे मऊ कांडून दिले. आणि तिच्या डोळ्यांसमोर होती ती तीस वर्षांची, चार वितींची पोरगी, जिनं नाही म्हटलं होतं. मला बघितलंच नाही तिनं. आणि मी तरी कुठे बघितलं? बोटाच्या चिंध्या बघितल्या आणि त्यांच्यावर ओरडले.

बेलेमानं पिशवीतून आणखी एक घडी काढली. कापून उरलेलं कापड, दीड हात लांब, अर्धा हात रुंद. त्यावरचे काटे सरळ होते, सोळाव्या वर्षीच्या हाताचे.

आत्यांचा चेहरा उजळला. "देव पावला! आण इकडे. एवढं उशाला पुरतं. दुमडून वर ठेवलं की कोण मोजायला येतंय? कोट ने परत, आणि घरातली गोष्ट घरात राहू द्या."

आत्यांचं बरोबर होतं. पलंग वाचत होता, घराचं नाव वाचत होतं, जन्मभर मी जे केलं त्याचं चीज होत होतं. मी तो तुकडा हातात घेतला. त्याची घडी घालायला बोटं आपसूक वळली, तेवढंच त्यांना येतं. अर्धी घडी घालून झाल्यावर माझा मलाच इतका वैताग आला की मी ती झटकून मोडली.

"बेलेमा, काखेखाली पट्टी लावली तर सुटेल का हे?"

"दोन्ही बाजूंना लावावी लागेल. हे सगळं लागेल, मावशी. काही उरणार नाही."

"लाव."

"इनेबा!" आत्यांनी काठी उगारली. "आणि उशाशी काय? माझं डोकं ठेवू?"

"काही ठेवू नका. मोकळी राहू दे जागा."

"तुझ्या आईची शोभा करतेस तू! पन्नास वर्षं पलंग सजवतेय मी, एकदाही जागा उघडी सोडली नाही. मखमल घाल निदान."

"मखमल तिनं कापलेली नाही."

आत्या मग माझ्याशी बोलल्या नाहीत. शुक्रवारभर बोलल्या नाहीत. हुकूम सोडायचे तर बेलेमाकडून सोडायच्या, "तुझ्या मावशीला सांग, ती घडी वाकडी आहे." बेलेमा शेजारच्या शिंप्याच्या यंत्रावर बसून पट्ट्या लावत होती. मी तिला दोनदा सांगितलं की आत थोडं जास्त कापड दाबून ठेव, मी काही आता जेवण कमी करणार नाही.

शनिवारी आईला आणलं. पलंगावर ती लहान दिसत होती. चारी बाजूंना लाल, हिरवी, जांभळी कापडं, घड्यांवर घड्या, आणि उशाशी हातभर पांढरी चादर उघडी. मी दोन कापडं नेसले होते, गळ्यात पोवळी, अंगात जाकीट. गुंड्या लागत होत्या, शेवटची कशीबशी.

बायका रांगेनं आत येऊ लागल्या. पलीकडच्या वाड्यातली, त्या उसन्यांच्या घरातली थोरली सून, तिनं वाकून उशाशी पाहिलं, मग बाकीच्यांकडे पाहिलं. तीस वर्षं वाट बघितली होती तिनं.

"आत्या," ती गोड आवाजात म्हणाली, "इथलं कापड लावायचं राहिलं का हो?"

आत्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि टोक माझ्यावर रोखलं.

"राहिलं कशाला? ते काय तिथे उभं आहे. फीर गं इनेबा. पाठ बघू दे त्यांना."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी फिरले. जिनं बघायचं होतं, ती तेवढी पलंगावर डोळे मिटून पडली होती.